काटा स्थिर होईपर्यंत

राग तिच्या नाकावर असायचा असं म्हणणं म्हणजे त्या रागाचा अपमान आहे. नाकावर बसून राहायला त्याला सवडच नसे, तो थेट तोंडातून बाहेर पडायचा. छापखान्यात ती बिस्किटांच्या पुड्यांवरची आणि औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढायची. छापताना तिचा लाल रंग जरासा फिका उतरला तरी मशीनवाल्याचं काही खरं नसे. "हा लाल? ह्याला लाल म्हणतात? डोळे काय घरी खुंटीला टांगून आलात?" तिथे सगळे तिला ठिणगी म्हणत. ती चिडली की तिच्या कानातले लोंबते डूल गदागदा हलायचे. म्हणून ती लांबून येताना दिसली की बाइंडर कानापाशी नुसतं बोट हलवून दाखवायचा आणि सगळे मुकाट्याने कामाला लागायचे. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. चांगलं काम हवं असेल तर कुणीतरी ओरडावंच लागतं, असं तिचं ठाम मत होतं, आणि बाकीचे सगळे तिच्या लेखी मिळमिळीत होते.

घरी ती आणि तिची सोळा वर्षांची लेक, दोघीच असत. नवरा परगावी नोकरीला होता, तो सुट्ट्या मिळतील तसा येऊन जाई. लेकीला लहानपणापासून मनी म्हणत, कारण ती मांजरीसारखी वावरायची. तिचं पाऊल वाजत नसे, तिच्या हातून भांडं आपटत नसे, तिने लावलेलं दार कधी धाडकन लागत नसे. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणायचे, "आई ही अशी, आणि लेक इतकी शांत! कुणावर गेली हो?" त्यावर ठिणगी मान ताठ करून सांगायची, "वळण लावलंय मी तिला."

तर या ठिणगीने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून एक कॉम्प्युटर गेम करायला घेतला होता. पळा, उड्या मारा, गोळ्या घाला असला गेम नव्हे. यात स्क्रीनवर एका खोलीचं चित्र येतं. आपण माउसने एकेका वस्तूवर क्लिक करून बघायचं, हाती लागेल ते जवळ ठेवायचं, ते कुठे उपयोगी पडेल ते शोधायचं आणि अशी कोडी सोडवत पुढच्या खोलीत जायचं. चित्रं ती काढायची, प्रोग्रॅम धाकटा लिहायचा. धाकटा दिवसभर एका कंपनीत पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहून कंटाळलेला असायचा, तरी सुट्टीच्या दिवशी उत्साहाने लॅपटॉप उघडून बसायचा. चार वर्षं दोघांनी जिवाचं रान केलं होतं. पाठीशी कंपनी नाही, साहेब नाही, कुणी सांगितलं नव्हतं की करा. गेम महिनाअखेरीस लोकांसमोर ठेवायचा, असं आता कुठे ठरलं होतं.

गेमचं नाव होतं 'काटा'. त्यात एक मुलगी आहे, तिची रंगपेटी वडिलांनी टेबलाच्या खणात कुलपात ठेवली आहे आणि ती तिला परत मिळवायची आहे. गोष्ट एवढीच. ही गोष्ट कुठून आली ते दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. बाहेरच्या खोलीत मोठं टेबल, त्यावर तबकडीचा मोठा काटा, शेजारी पितळी वजनांची पेटी, आणि टेबलामागे वडील. ते बोलायला लागले की टेबलावर मूठ आपटत, आणि मूठ आपटली की काटा थरथरायचा. समोर दोन पोरं उभी. बापाच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती, खाली बघितलं तर "मान वर कर!" म्हणून आणखी एक तोफ सुटायची. म्हणून दोघं काट्याकडे बघत. काटा शून्यावर येऊन स्थिर झाला की समजायचं, आता हललं तरी चालेल. एकदा पितळी वजनांवर रंग सांडला आणि ठिणगीची रंगपेटी खणात गेली. मग बऱ्याच दिवसांनी असंच एकदा, तासभर बोलून दमल्यावर, त्यांनी किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली होती. वडील आता हयात नव्हते. ठिणगी त्यांच्याविषयी बोलायची वेळ आली तर "कडक होते" एवढंच म्हणायची.

गेमची शेवटची खोली म्हणजे हीच बाहेरची खोली. तिथे येईपर्यंत खेळणाऱ्याने पुष्कळ कोडी सोडवलेली असतात. टेबलामागचा माणूस बोलायला लागतो, त्याच्या तळहाताखाली किल्ली असते आणि काटा थरथरत असतो. कुठेही क्लिक केलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू. काहीच केलं नाही, माउसला हातच लावला नाही, तर त्याची वाक्यं तोकडी होत जातात, काटा शून्यावर येतो आणि तो किल्ली पुढे सरकवतो. ठिणगीने हे कोडं सांगितलं तेव्हा धाकटा म्हणाला, "हो, बरोबर," आणि कामाला लागला. एरवी तिच्या प्रत्येक कोड्यावर तो किरकिर करायचा, "पण ताई, लोकांना हे कळणार कसं?" या एका कोड्याला त्याने तो प्रश्न विचारला नाही आणि त्याने विचारला नाही हे तिच्याही लक्षात आलं नाही.

मग धाकट्याच्या घरी चाचण्या सुरू झाल्या. चाचणीचा नियम असा की बाहेरच्या माणसाला गेम खेळायला बसवायचं, बनवणाऱ्याने मागे बसून नुसतं बघायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खूण नाही, उसासा नाही, च्-च् नाही. आता हा नियम ठिणगीला लावायचा म्हणजे काय ते तुम्हीच बघा. पहिल्याच चाचणीत समोरच्याने माउस धरला न धरला तोच ती ओरडली, "अहो डावीकडे! डावीकडे एवढं ढळढळीत कपाट दिसत नाही का?" त्या दिवसापासून धाकट्याने तिच्या दातांत आडवी पेन्सिल द्यायला सुरुवात केली. पेन्सिली चावून चावून त्यांचा भुसा व्हायचा, पण नियम पाळला जायचा.

सगळ्यात आधी शेजारच्या निवृत्त नर्सबाई खेळल्या. चष्मा पुसून, पदर खोचून बसल्या आणि कोडी अशी सोडवत गेल्या की ठिणगीला वाटलं उगाच आपण लोकांना नावं ठेवतो. शेवटच्या खोलीत घोडं पेंड खायला लागलं. माणूस बोलायला लागताच नर्सबाईंनी त्याच्या मागच्या दारावर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. "हे दार का उघडत नाही गं?" ते दार उघडणारं नव्हतंच. भिंतीला दार असतं म्हणून ते काढलं होतं, नुसतं चित्र. नर्सबाईंनी वजनं उचलली, दिवा लावला, दिवा विझवला, आणि फिरून फिरून दारावर आल्या. "मी आपली चहा टाकते," म्हणून शेवटी उठल्या. ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मग छापखान्यातला बाइंडर आला. त्याने त्या माणसाला पाणी देऊन बघितलं, चष्मा देऊन बघितला, टेबलाखाली शिरायला बघितलं आणि मग दारावर क्लिक करत सुटला. "हा बाबा किती वेळ बोलणार अजून?" तो वैतागून म्हणाला. "ह्याला घरात कुणी गप्प बस म्हणत नाही का?" ठिणगीच्या दातांखाली पेन्सिलीचे दोन तुकडे झाले.

तिसरा होता धाकट्याचा मित्र, गेम खेळण्यात हयात घालवलेला. त्याच्यावर ठिणगीची सगळी भिस्त होती. गडी पद्धतशीर होता. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर लावून झाली, दाराच्या कडीवर, बिजागरीवर, फटीवर, सगळीकडे क्लिक करून झालं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत खिडकीपाशी गेला, बायकोशी कसलंसं सामान आणण्यावरून हुज्जत घालून परत आला, तर स्क्रीनवर किल्ली पुढे आलेली. "अरे, हे काय?" तो धाकट्याला म्हणाला. "आपोआपच सुटलं. बग आहे इथे, प्रोग्रॅम चुकलाय, लिहून घे."

"बग?" पेन्सिल जमिनीवर पडली. "बग म्हणतोस? त्या खोलीसाठी मी डोळे फोडले! तुझ्या डोक्यात आहे बग! दोन क्षण गप्प बसवत नाही तुम्हा लोकांना? दिसलं की बोट लावायचं, दिसलं की बोट लावायचं, माकडं कुठली!" डूल मानेवर सपासप आपटत होते. मित्राने बिचाऱ्याने चपला पायात अडकवल्या आणि चहा न घेताच जिना उतरला.

तो गेल्यावर धाकट्याने लॅपटॉप मिटला. हा तसा भांडणारा माणूस नव्हे. ताई ओरडली की खाली बघून बसायचा आणि ती थांबली की कामाचं बोलायचा. आज मात्र तो म्हणाला, "ताई, ही खोली बदलायची."

"मुळीच नाही."

"कुणालाच सुटत नाही ती."

"तुला सुटली होती! सांगितल्या सांगितल्या 'बरोबर' म्हणालास. तेव्हा का नाही तोंड उघडलंस?"

"कारण मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं," धाकटा म्हणाला. "इतकी वर्षं मला खरंच वाटत होतं, घराघरात असंच असतं. पण लोकांच्या घरी तो काटा नव्हता, ताई. बघ ना, माणूस ओरडायला लागला की सगळे दाराकडे जातात. नर्सबाई गेल्या, बाइंडर गेला. आपण दोघं एकदा तरी दाराकडे गेलो का?"

"जायचं कशाला? मला रंगपेटी मिळाली ना परत? गप्प उभी राहिले म्हणूनच मिळाली. जगात असंच असतं, शिकू दे लोकांना!"

"काय शिकू दे?" धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "उभं राहून ऐकून घ्यायचं, हे? मी नाही शिकवणार कुणाला. एक जण, बाहेरचा एकच जण ही खोली स्वतःहून सोडवून दाखवू दे, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाहीतर तू आणि तुझा गेम. मी हात लावणार नाही त्याला."

ती तणतणत घरी आली. रस्त्यात रिक्षावाल्याशी भांडली, दुधाच्या पिशवीवरून दुकानदाराशी भांडली, कुलूप उघडेना तर कुलपाशी भांडली. धाकट्याने हात काढून घेतला तर गेम संपला, हे तिला पक्कं माहीत होतं. चार वर्षांची चित्रं नुसती फाइलीत पडून राहणार होती. आणि राग कशाचा येत होता म्हणाल, तर त्या दाराचा. त्या खोलीतला काटा तिने किती जीव लावून काढला होता! तबकडीवरचा प्रत्येक आकडा, काचेवरचा तडा, सगळं. आणि हे टिकोजीराव जाऊन दार बडवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनी कॉलेजमधून आली आणि ठिणगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मनीने गेम कधी बघितला नव्हता. ती त्याविषयी विचारायची नाही आणि कामाच्या वेळी आईच्या खोलीत यायची नाही. आजोबांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. तिच्या घरी काटा नव्हता. म्हणजे बाहेरचीच की!

"बस इथे," ठिणगी म्हणाली. "हे खेळून दाखव मला. मी काही बोलणार नाही." आणि तिने पेन्सिल दातांत धरली.

मनी सावकाश खेळत होती. तिला घाई नव्हती, पण डोकं चालत होतं. खोल्यांमागून खोल्या मागे पडल्या, बाहेर ऊन भिंतीवरून खिडकीपाशी सरकलं आणि शेवटची खोली आली. टेबलामागचा माणूस बोलायला लागला. त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मनीने माउसवरचा हात काढला. दोन्ही हात मांडीवर घेतले, एकात एक गुंतवले आणि पाठ सरळ करून बसली. माणूस बोलत होता, मूठ आपटत होता. मनी काट्याकडे बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती तिची. काटा थरथरला, मंदावला, शून्यावर आला. किल्ली पुढे सरकली.

ठिणगीने पेन्सिल फेकून दिली आणि फोन उचलला. "सुटली!" ती ओरडली. "पहिल्या फटक्यात सोडवली माझ्या पोरीने! थांब, स्पीकरवर टाकते, तिच्याच तोंडून ऐक. मने, सांग मामाला, कसं कळलं तुला?"

मनीने आधी फोनकडे बघितलं, मग आईकडे. "कळायचं काय त्यात? कुणी असं बोलायला लागलं की काही करायचं नसतं ना."

"बघ! ऐकलंस? अगदी हेच! आणि काट्याकडे बघायचं ते कसं सुचलं?"

"तोंडाकडे बघितलं की आणखी लांबतं. काहीतरी हलणारं बघायचं. ते थांबलं की संपलं." मनी शांतपणे, एखाद्या पाहुण्याला पत्ता सांगावा तसं सांगत होती. "मी तुझ्या डुलांकडे बघते."



ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे? मी अशी बोलते? त्या माणसासारखी? मी तुझ्यावर कधी हात उगारलाय? कधी काही कुलपात ठेवलंय तुझं? मरमर मरते मी तुझ्यासाठी आणि तू मला..."

मनीचे हात मांडीवर गेले. एकात एक गुंतले. तिची नजर आईच्या तोंडावरून जरा बाजूला, कानाच्या पाळीखाली जाऊन थांबली आणि तिथेच राहिली.

डूल हलत होते. ठिणगीला ते मानेवर लागत होते, डावा, उजवा, डावा. आयुष्यभर घातले होते तिने, आणि ते लागतात हे तिला आज कळत होतं. तिला आणखी ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं पुष्कळ होतं. बापावर ओरडायचं होतं, जो ऐकायला आता नव्हता. "कडक होते, कडक होते" म्हणत त्याला सांभाळून घेणाऱ्या बाईवर ओरडायचं होतं, आणि ती बाई इथेच उभी होती. तिने हात वर नेऊन दोन्ही डूल मुठीत धरले. मनीची नजर तिच्या मुठींवर आली. तिला आता काय समजावं ते कळेना, कारण डूल थांबले होते आणि आईचा चेहरा अजून लालच होता.

"मने," ठिणगी म्हणाली. आवाज खाली आणायला तिला कष्ट पडले. "त्या वेळी तुला काय करावंसं वाटतं?"

 मनीने मांडीवरचा एक हात सोडवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. टेबलामागच्या माणसाच्या मागे, भिंतीत.

"हे उघडतं का?"

"नाही," ठिणगी म्हणाली. "ते नुसतं काढलंय."

"मला वाटलंच," मनी म्हणाली.

ठिणगी खुर्चीत बसली. नर्सबाई, बाइंडर, तो मित्र, सगळ्यांनी हेच दार उघडून बघितलं होतं, आणि ती त्या सगळ्यांना मूर्ख समजली होती. मूर्खांनीच बरोबर ओळखलं होतं. माणूस अंगावर ओरडायला लागला की शहाण्याने दार शोधावं. चार वर्षं घासून तिने ती खोली इतकी हुबेहूब काढली होती की तिच्यातून बाहेर पडायची सोयच ठेवली नव्हती.

"ताई?" फोनमधून धाकटा म्हणाला. "आहेस का?"

"ते दार उघडू दे," ती म्हणाली.

"आणि किल्लीचं काय? रंगपेटी?"

"ज्याला थांबायचंय तो थांबेल. बाकीच्यांना जाऊ दे. राहिली आत तर राहू दे रंगपेटी."

धाकट्याने घसा साफ केला. "ताई, पण दाराबाहेर काय आहे? तू दाराबाहेरचं काही काढलेलंच नाहीस."

तिने कोरा कागद पुढे ओढला. त्या घराच्या दाराबाहेर रस्ता होता, समोर कुणाचं तरी कुंपण होतं, एवढं तिला आठवत होतं, पण हात पुढे जाईना. रागच आला तिला स्वतःचा. मग तिने कागद मनीसमोर सरकवला. "दाराबाहेर काय पाहिजे? तू सांग, मी काढते."

"मी सांगू?"

"तूच."

ठिणगीने जमिनीवरची पेन्सिल उचलली, बोलायला उघडलेलं तोंड मिटलं आणि पेन्सिल दातांत आडवी धरली. मनीने सवयीने एकदा तिच्या कानाकडे बघून घेतलं आणि मग ती सांगायला लागली.